नवऱ्यासाठी मागणं

शिवणवाल्या मावशींच्या हाती कसलंही कापड आलं तरी मुकाट वळणावर यायचं. नवरा तेवढा आला नाही. ते वायरमन. माणूस निर्व्यसनी, न सांगता बायकोच्या मशीनला तेल घालणारा. पण देवाचं नाव काढलं की त्यांचा फ्यूज उडायचा. "तुझा येशू तुझ्यापाशी, माझी पक्कड माझ्यापाशी," म्हणायचे. मावशींच्या जिवाला मात्र एकच घोर लागलेला: ह्यांना विश्वास कधी लाभणार?

म्हणून दर बुधवारी प्रार्थनासभेत त्या उभ्या राहायच्या आणि सगळ्या मंडळीला नवऱ्यासाठी प्रार्थना करायला लावायच्या. नुसतं 'मन वळव' म्हणून त्यांचं भागायचं नाही. नवऱ्याचा हट्ट, घोरणं, थेट सासूबाईंवर गेलेला स्वभाव, सगळं देवापुढे तपशीलवार मांडायच्या.

एकदा चर्चचा लाउडस्पीकर बिघडला आणि पाळकांनी वायरमनना बोलावलं. ते मागच्या खोलीत वायरी जोडत बसलेले, आणि दिवस नेमका बुधवार. मावशींना पत्ताच नाही. "प्रभू, ह्यांच्या दगडी काळजाला पाझर फोड," त्यांनी सुरुवात केली आणि लाउडस्पीकर खणखणीत सुरू झाला. घोरण्यापर्यंतचं सगळं रस्ताभर ऐकू गेलं. वायरमन टेस्टर घेऊन दारात आले, "लाइन चालू झाली," म्हणाले आणि निघून गेले.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाळक हसू दाबत म्हणाले, "मावशी, विश्वास हे देवाचं दान आहे. तुम्ही तर त्याला मापं देऊन वर तारीखही मागताय." हे त्यांना चांगलंच लागलं. असं डोक्यावर बसणाऱ्या गिऱ्हाइकाचं कापड त्या स्वतः परत करायच्या.

तेव्हापासून त्या सकाळी घरीच, मशीनपाशी बसून मागू लागल्या. तक्रार बंद. "असा नवरा दिलास, उपकार झाले. पुढचं तुझं तू बघ," एवढंच. जीभ शिवशिवायची, पण आवरायच्या.

एका सकाळी वायरमन चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. "रोज माझ्यासाठी मागतेस. तुझ्यासाठी कोण मागतं?"

मावशींनी आठवून पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. मंडळीची होती नव्हती ती सगळी प्रार्थना त्यांनीच नवऱ्याकडे वळवलेली.

"मला तुम्हा चर्चवाल्यांसारखं येत नाही," वायरमननी कप खाली ठेवला. "पण मागून बघू का?"

हात जोडा, डोळे मिटा, आधी आभार माना... मावशींच्या ओठांवर दहा सूचना आल्या. त्यांनी त्या गिळल्या.

वायरमन उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत म्हणाले, "देवा, हिचे गुडघे फार दुखतात. मला सांगत नाही, तुला सांगत असेल. बघ जरा."

मावशींना रडू आवरेना. इतकी वर्षं मागितलं ते हेच. आणि आलं तेव्हा त्यात त्यांचा एक टाकाही नव्हता.