हद्दीवरचा भात

माझ्या धाकट्या बहिणीला संस्थानात दिली होती. आम्ही किन्हवलीजवळचे, म्हणजे इंग्रज सरकारच्या मुलखातले. तिचं सासर वर डोंगराळ भागात, एका लहानशा राजाच्या राज्यात. सोयरीक जुळवताना हा भेद कुणाच्या मनातही आला नाही. दोन राज्यांच्या मधे एक ओढा होता. बैलगाडीनं वाटेत एक मुक्काम करून तो ओलांडला की आई म्हणे, "आलं गो लेकीचं गाव," आणि पुढे अजून बराच रस्ता असे.

मग महायुद्ध आलं. जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिकडून मुंबईला येणारा तांदूळ बंद झाला, आणि सरकारची नजर आमच्या खळ्यांवर गेली. माझे यजमान शाळामास्तर होते. वर्तमानपत्र वाचून ते आम्हाला हे समजावून सांगत. जिल्ह्यातलं धान्य आता बाहेर न्यायला बंदी होती, आणि संस्थान राजाचं, म्हणून ते 'बाहेर'. आईला हे काही पटेना. "जपानी कुठं नि माझी लेक कुठं!" ती म्हणाली.

त्याच साली बहीण बाळंत झाली. आईनं घरचा जुना तांदूळ निवडून गाठोड्यात बांधला. भाऊ गाडी हाकायला, आई आणि मी मागे, असे आम्ही निघालो.

ओढ्याच्या अलीकडे आता एक खोपी उभी होती. आमच्या सरकारचा शिपाई मुरबाडकडचा निघाला. त्यानं गाठोडं चाचपलं.

"आये, तांदूळ पलीकडं जानार नाय."

"लेक बाळंतीन हाय रे माझी."

"आसंल. पन हुकूम हाय. उद्या सायेब आला तं माझी नोकरी जाईल."

त्याचंही खोटं नव्हतं. आई खाली बसली. पलीकडच्या काठावर संस्थानचा शिपाई बसला होता. आमच्या शिपायानं त्याला हाक मारून तंबाखू मागितली. त्यानं पाण्यातूनच येऊन दिली.

"हुकूम कशाला हाय? तांदळाला ना?" आईनं विचारलं.

"व्हय. धान्याला."

"मंग शिजल्या भाताला?"

शिपायानं डोकं खाजवलं. "भाताचं काय कोन बोललं नाय."

मुक्कामासाठी टोप बरोबर होताच. आईनं तीन दगड मांडले, मी काटक्या वेचल्या, भावानं ओढ्याचं पाणी आणलं. काडेपेटी शिपायानंच दिली. भात शिजला तसा आईनं थोडा पानावर वाढून त्याच्यापुढे ठेवला, थोडा पलीकडच्याला दिला. दोघं शेजारी बसून जेवले. मग कुणी आम्हाला अडवलं नाही.

मला तेव्हा फार अभिमान वाटला. वाटलं, आईनं दोन्ही राज्यांना हरवलं.

पण ऊन कडक होतं आणि गाव लांब. आम्ही पोचलो तेव्हा भात आंबायला लागला होता. बहिणीच्या सासूनं टोपावरचं फडकं उचललं, वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

"आमच्या राज्यात सुनंला खायाला नाय, आसं वाटलं का तुमाला?"

आई गडबडली. "तसं नाय, विहीनबाय. नातीचं तोंड बघाया रिकाम्या हातानं कशी येऊ?"

सासू आत गेली, आणि जपून ठेवलेल्या तांदळाची पेज करून तिनं बहिणीला गरम गरम दिली. त्या घरात बाकी सगळे नागलीची भाकरीच खात होते, हे मला नंतर दिसलं. आम्ही नेलेला भात तिनं ताक घालून घरातल्या माणसांना वाढला, स्वतःही दोन घास खाल्ले. ती आम्हाला हिणवत नव्हती. आपलं राज्य लहान असलं तरी कुणी कीव करू नये, एवढंच तिचं म्हणणं असावं. मोठ्या राज्यांच्या भांडणांविषयी यजमानांनी पुढे कितीही सांगितलं, तरी मला प्रत्येक वेळी तिचा तो चेहरा आधी आठवे.

स्वातंत्र्य आलं, आणि थोड्याच काळात संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं. आम्ही आनंदानं भेटायला गेलो. आता सगळे एकाच देशाचे, लेक जवळ आली, असं आईला वाटत होतं. पण बहिणीची सासू ओटीवरून उठलीसुद्धा नाही.

"राजा गेला आमचा," ती म्हणाली. "भांडन झालं तं त्याच्या वाड्यावर जाऊन सांगाया येत व्हतं. आता म्हनं जिल्ह्याला, ठान्याला जायाचं. तुमचं ठानं कसं हाय गो, विहीनबाय?"

आई तिच्या शेजारी टेकली. "मी तरी कुठं पायलंय!"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग आईनं नातीला हाक मारून दोघींच्या मधे वेणी घालायला बसवलं.