शिरीषनं दाखवलेलं ओसाका

आम्ही पुण्याला चांगले सहा आठवडे राहून आलो, पण इकडे परदेशात, आमच्या बॉटनी या उपनगरात शनिवारी कुणाकडे जेवायला जमलो की पुण्याबद्दल कुणी काही विचारत नाही. वाटेत ओसाकात एक दिवस थांबलो होतो, त्याबद्दल विचारतात. किस्से असेच साठतात. मुक्काम जिथे लांब तिथे नाही, जिथे पंचाईत जास्त तिथे!

ग्रुपमध्ये कुणी नवीन असेल तर थोडं मागचं सांगावं लागतं.

शिरीष, माझा नवरा, पेनरोज या आमच्याकडच्या औद्योगिक वस्तीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मशिन्स सांभाळायचा. आदल्या वर्षी त्याला स्ट्रोक आला. उजवा हात आणि पाय हळूहळू बरेच सुधारले, शब्द मात्र अडले. समजायचं सगळं, काय म्हणायचंय तेही ठाऊक असायचं, पण तोंडातून एखादाच शब्द बाहेर पडायचा, तोही बऱ्याच वेळानं. स्पीच थेरपिस्टनं त्याला बजावलं होतं की शब्द आला नाही तर गप्प बसायचं नाही, हातानं दाखवायचं, चेहऱ्यानं दाखवायचं. घरी त्याची वेळच येत नसे, कारण मी होते. मी फार्मसिस्ट. दिवसभर काउंटरवर माझं बोलायचं आणि घरी आल्यावर त्याच्या वाटचं. डॉक्टरकडे, कोपऱ्यावरच्या डेअरीत, फोनवर, सगळीकडे मीच.

निघताना आमच्या ऋचानं एअरपोर्टवर मला बाजूला घेतलं होतं. "मम, डॅडला दमवू नकोस. जस्ट स्टे इन द हॉटेल." मला पटलं होतं. मी दिवसभर पुरतील एवढी मासिकं बरोबर घेतली होती.

ओसाकात सकाळी उठून बघते तर हा बूट घालून, कंबरेला आम्हा दोघांच्या पासपोर्टचा पाऊच बांधून दाराशी खुर्चीत बसलेला. मी हवामान सांगितलं, गर्दी सांगितली, त्याच्या पायाबद्दल सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "फिरायचं."

* * *

स्टेशनवर तिकिटाच्या मशिन्सची रांग, वर भलामोठा नकाशा आणि त्यावरची सगळी नावं जपानीत. मी एका गणवेशातल्या माणसाला गाठलं आणि आम्हाला किल्ल्याला जायचंय हे इंग्लिशमध्ये समजावू लागले. त्याला कळेना, म्हणून मी हळू बोलले. तरी कळेना, म्हणून मोठ्यानं बोलले. तो बिचारा दर वाक्याला वाकून नमस्कार करत होता, आणि त्यानं नमस्कार केला म्हणून मीही करत होते.

तेवढ्यात कुणीतरी मागून खांद्यावर टिचकी मारली. शिरीष होता. त्याच्या हातात दोन तिकिटं होती.

शेजारच्या मशिनपुढे उभं राहून त्यानं फक्त लोक काय करतात ते बघितलं होतं. जन्मभर मशिन्सशी बोललेला माणूस, त्याला भाषेची काय गरज!

* * *

किल्ल्यात लिफ्ट आहे, पण ती टोकापर्यंत जात नाही. शेवटचे मजले जिन्यानं चढावे लागतात. मी म्हटलं, इथून दिसतंय तेवढं पुरे. शिरीषनं डाव्या हातानं कठडा धरला आणि चढायला लागला. एक पायरी डाव्या पायानं, मग उजवा पाय ओढून तिच्यावर घ्यायचा, मग पुढची.

आमच्या पुढे एक जपानी आजी काठी टेकत चढत होत्या. त्या थांबल्या की हा थांबायचा, हा थांबला की त्या मागे वळून बघायच्या. दोघांत शर्यत लागली होती की सोबत चालली होती, मला अजून सांगता येत नाही. मी मात्र दोन्ही हात पुढे करून, तो पडला तर झेलायच्या तयारीत मागून चढत होते. तो पडला असता तर दोघंही खाली आलो असतो हे मला वर पोचल्यावर सुचलं.

वर वारा होता. आजी खुदकन हसल्या, यानं त्यांना वाकून नमस्कार केला. मग तो कठड्याशी गेला आणि खाली पसरलेलं शहर, उंच इमारती, गच्च्यांवरच्या टाक्या, एसीचे डबे, दूरवरच्या कारखान्यांच्या चिमण्या, सगळं डोळे भरून बघत राहिला. मी वाट बघत होते. काहीतरी यायच्या बेतात होतं.

"पेनरोज," तो म्हणाला.

* * *

जेवणाची मला सकाळपासून धास्ती होती, कारण आम्ही दोघं मासे-मटण खात नाही. एका छोट्या खानावळीत मी मालकाला 'व्हेजिटेरियन' हा शब्द जितक्या प्रकारे म्हणता येईल तितक्या प्रकारे म्हणून पाहिला. दर वेळी तो आनंदानं मान डोलवायचा आणि मेनूतल्या कुठल्यातरी माशावर बोट ठेवायचा.

शिरीषनं मला हातानं थांबवलं. मग डाव्या तळव्याचा मासा केला, तो टेबलावर सळसळत पोहायला लावला, त्याला उचलून छातीशी धरलं, थोपटलं आणि हळूच टेबलाच्या कडेवरून पाण्यात सोडून दिलं. वर त्याला टाटासुद्धा केला.

मालक पोट धरून हसला. आत जाऊन त्यानं बायकोला बोलावून आणलं आणि शिरीषला तो मासा पुन्हा पोहवायला लावला. मग समोर आला गरम भात, काकडी, टोफू आणि एक सुरकुतलेलं लालसर फळ. मोरावळा समजून मी ते अख्खं तोंडात टाकलं. इतकं खारट आणि आंबट मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही. बराच वेळ माझ्याच्यानं बोलवेना.

शिरीष म्हणाला, "छान."

फळाबद्दल म्हणाला की शांततेबद्दल, ते मी विचारलं नाही.

* * *

दुपारी खरेदी. एका बहुमजली दुकानात मी जावेसाठी स्कार्फ बघत होते. दोन रंगांत अडकले, 'कुठला घेऊ' म्हणून मागे वळले, तर शिरीष नव्हता.

आधी मी त्याच मजल्यावर शोधलं, मग वरच्या, मग खालच्या. त्याला हॉटेलचं नाव सांगता येणार नव्हतं, स्वतःचं नाव सांगायचं तरी घाम फुटायचा. पडला असेल तर? पुन्हा स्ट्रोक आला असेल तर? दिसेल त्या सेल्सगर्लला मी 'माय हजबंड, माय हजबंड' म्हणत होते आणि सगळ्या जणी काळजीनं माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात स्पीकरवर गोड आवाजात काहीतरी घोषणा झाली. मी लक्षच दिलं नाही. ती पुन्हा झाली. तिसऱ्यांदा मला त्यात एक शब्द ओळखीचा वाटला. "बुरिंदा-सामा."

वृंदा. म्हणजे मी.

धावत पळत तळमजल्यावरच्या काउंटरला पोचले. तिथे, हरवलेल्या मुलांसाठी ठेवलेल्या इवल्याशा खुर्चीत, गुडघे हनुवटीशी घेऊन शिरीष बसला होता. हातात कुणीतरी दिलेला ग्रीन टी. काउंटरवर माझा पासपोर्ट, फोटोचं पान उघडून ठेवलेला. बायको हरवल्याची तक्रार त्यानं रीतसर नोंदवली होती.

काउंटरवरची मुलगी लगबगीनं बाहेर आली. तिनं माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि एक शब्दही बोलली नाही. फोटोकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. मग स्वतःच्या ओठांवर बोटं ठेवली, हात हलवून 'नाही' अशी खूण केली आणि डोळ्यांत अपार माया आणून माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे, तुम्हाला बोलता येत नाही ना?

मी शिरीषकडे पाहिलं. तो गंभीरपणे ग्रीन टी पीत होता.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

मी मान हलवून हो म्हटलं.