पुलावरची रिकामी गाडी

"चला, उतरा जी, पूल आला!" असं कंडक्टर ओरडला की आमची अख्खी एस.टी. मुकाट्यानं खाली उतरायची. ब्रह्मपुरीहून सकाळी निघून वैनगंगेपलीकडच्या जंगलात शिरणाऱ्या त्या गाडीनं मी नोकरीची पहिली वर्षं काढली. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मला मिळालेली शाळा नव्या जिल्ह्याच्या वाट्याला गेली होती. शाळेच्या अलीकडे एक नदी होती, नदीवर जुना पूल होता आणि पुलाच्या तोंडाशी पाटी होती. पूल कमकुवत आहे, प्रवासी उतरवूनच बस न्यावी, असं तिच्यावर लिहिलेलं.

नियम साधा होता. सगळ्यांनी अलीकडे उतरायचं, पूल पायी ओलांडायचा आणि पलीकडे मोहाच्या झाडाखाली उभं राहायचं. मग ड्रायव्हर रिकामी गाडी हळूहळू आणायचा, आम्ही पुन्हा चढायचो, कंडक्टर डबल घंटी मारायचा. संध्याकाळी परतताना हेच उलट्या बाजूनं. पहिल्या दिवशी मला हा प्रकार विचित्र वाटला. पुढे पुढे पूल दिसायच्या आधीच मी पिशवी खांद्याला लावून तयार असायचे.

लोकांना तर त्या चालण्याची गोडीच लागली होती. गाडीत खेटून बसूनही जी माणसं तोंड उघडायची नाहीत, ती पुलावर बोलायला लागायची. धानाच्या रोवणीला बाया कुठून आणायच्या, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं तिथं कळायचं. एक सोयरीक तर माझ्यासमोर पुलाच्या या टोकाला निघाली आणि त्या टोकाला पक्की झाली.

पूल मात्र खंगत चालला होता. एका बाजूचा कठडा बांबूच्या ट्रकनं उडवलेला, तिथं डांबराची दोन रिकामी पिंपं ठेवून आडवा बांबू बांधलेला. स्लॅबच्या कडेचं सिमेंट गळून सळया उघड्या पडल्या होत्या आणि सांध्यात पिंपळ उगवला होता. सगळ्यात वाईट अवस्था मधल्या खांबाची. त्याच्या बुडाची माती नदीनं खाल्ली होती आणि दगडी बांधकामात वरून खाली भेग गेली होती. ती भेग वाढते की नाही हे कळावं म्हणून खात्याच्या माणसांनी तिच्यावर सिमेंटची आडवी पट्टी लावून खिळ्यानं तारीख कोरली होती. पट्टी तडकली तर भेग वाढली, पट्टी शाबूत तर पूल जागच्या जागी. दर उन्हाळ्यात जीप यायची, साहेब कठड्यावरून वाकून पट्टी बघायचे, ती शाबूत असायची आणि साहेब निघून जायचे. दुरुस्ती लागणार हे सगळ्यांनाच मान्य होतं, फक्त याच वर्षी कशाला, एवढाच प्रश्न असायचा.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. बांबूनं लादलेले ट्रक आमच्या डोळ्यांदेखत त्याच पुलावरून धडधडत जायचे, ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "यांना का नाही उतरवत?" असं मी एकदा कंडक्टरला विचारलं.

तो म्हणाला, "बांबू पायानं उतरते काय बाई? माणसं उतरतेत, म्हून माणसाले उतरवतेत."



ड्रायव्हर पोंभुर्ण्याकडचा होता. चाळिशीचा, अंगानं किडकिडीत, बोलणं कामापुरतं. पुलाशी आला की तो आपल्या बाजूचं दार उघडायचा आणि ते लागू नये म्हणून सुतळीनं बांधून ठेवायचा. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायचा. दार कशासाठी उघडं, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. वेळ आली तर त्याला उडी मारायची होती. आम्ही पन्नास माणसं मोहाखाली सुखरूप उभी असायचो आणि ते उघडं दार आमच्याकडे सरकत यायचं. कोणी बिडी पेटवायचं, कोणी चप्पल झटकायचं, मी नदीकडे बघत राहायचे. त्या दाराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नसे.

एक म्हातारी तेवढी उतरत नसे. ती ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरची. वाळलेल्या मासोळ्यांची टोपली घेऊन आज या गावच्या, उद्या त्या गावच्या बाजाराला जायची. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर ती बसली की पूल येवो नाहीतर काही येवो, तिथून हलायची नाही.

कंडक्टर वैतागून म्हणायचा, "माय, नियम हाय. उतराच लागते."

"माहे गुडघे धरून राह्यले, बापू. नियमाले म्हण, नवे गुडघे दे मले."

बस हसायची, कंडक्टर कपाळाला हात लावायचा आणि म्हातारी रिकाम्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे बसून पूल ओलांडायची. मला तिचा राग यायचा. काही मासोळ्यांच्या वासाचा होता, पण जास्त त्या सवलतीचा. पाय तर सगळ्यांचेच दुखतात.

एकदा पूल ओलांडून पुढे गेल्यावर गाडी पंक्चर झाली आणि जादा चाकातही हवा नव्हती. तिथून बाजाराचं गाव जवळ होतं, म्हणून सगळे पायी निघालो. पाहते तो म्हातारी डोक्यावर भरली टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे. मी धापा टाकत तिला गाठलं. कंडक्टरही सोबत होता.

"आजी, आता गुडघे कुठे गेले?" मी जरा खोचकच विचारलं.

"गुडघ्याले का झालं बाई? चांगले हायत."

"मग पुलावर का नाही उतरत तुम्ही?"

ती थांबली, टोपली सावरली. "आमच्यात एकट्याले पाण्यावर पाठवत नाईत," ती म्हणाली. "माहा बुढा तलावात जाळं टाकाले जाये, तं डोंग्यात दुसरा कोणी बसेच. तो काई करे नाई, नुसता बसे. तुमी सारे उतरता अन् त्या लेकराले एकट्याले पाण्यावर धाडता. मले नाई पाहवत. म्हून बसतो मी."

एवढं बोलून ती चालायला लागली. मला रडू आलं, ते मी घाम पुसायच्या निमित्तानं पदरात लपवलं. कंडक्टरच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गाडीला कळली होती. कळली नाही ती फक्त ड्रायव्हरला, कारण त्याच्याशी तसं कोणी बोलतच नसे.

भादव्यात नदी पुलावरून गेली. पाणी ओसरेपर्यंत गाडी बंद होती. पुन्हा सुरू झाली त्या सकाळी पुलाशी पोचलो तर मधला खांब खचलेला. स्लॅबला मध्यावर चक्क पायरी पडली होती. ड्रायव्हर उतरून तिथपर्यंत चालत गेला, उकिडवा बसून पायरीवर हात ठेवला, परत आला आणि नेहमीसारखं दार बांधायला लागला.

"उतरा जी, पूल आला," कंडक्टर म्हणाला. त्याचा आवाजही बारीक झाला होता.

कोणीच उठलं नाही. ठरलेलं काही नव्हतं, शपथेवर सांगते. पुढच्या बाकावरचा एक शेतकरी म्हणाला, "आज आमी बी बसतो. त्या बुढीनं एकटीनंच काऊन बसावं?" मागून दोघातिघांनी "हाव, हाव" केलं. मीही बसून राहिले आणि माझी छाती अभिमानानं भरून आली. अख्खी बस भरलेली ठेवून आम्ही खचलेल्या पुलावर निघालो होतो आणि त्या क्षणी ते मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं!

ड्रायव्हर मागे वळला. "उतरा खाली!" तो ओरडला. त्याचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "तुमच्याच वजनानं जाईन तो पूल!"

"बापू," म्हातारी मायेनं म्हणाली, "आमी हावोत न तुह्या संगं. चाल तू."

तो खाली उतरला, गाडीला वळसा घालून आमच्या दारातून आत चढला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माय, तुले खरं सांगू? मी एकटा असलो न, तं मले एवढं भेव नाई लागत. पूल गेला तं उडी मारीन, नाई जमलं तं मरीन. माहं मी पाहून घेईन. पण तू मांगं बसली का मले उडी नाई मारता येत. तुले टाकून कसा उडी मारू? रोज पुलावर जीव मुठीत धरून रायतो, तो पुलापायी नाई माय. तुह्यापायी."

म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. मग उठली, टोपली उचलली आणि कोणाकडे न बघता खाली उतरली. तिच्यामागे आम्ही सगळे उतरलो.

पण ड्रायव्हर काही गाडीवर बसला नाही. "आता मी बी नाई नेत," म्हणाला आणि मैलाच्या दगडावर जाऊन बसला. कंडक्टरनं विनवलं, एकानं बिडी पुढे केली. तो हलला नाही. आम्ही पायी निघालो. सगळ्यांच्या मागे, डोक्यावर टोपली घेऊन, म्हातारी पूल ओलांडत होती. तिला इतकं सावकाश चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून गाडी नदीपर्यंतच यायला लागली आणि पलीकडून दुसरी गाडी नेऊ लागली. ड्रायव्हरला वरून बरीच बोलणी खावी लागली, पण त्यानं गाडी पुलावर घातली नाही. नदीवरून परत फिरणारी एस.टी. मात्र खात्याच्याही नजरेत आली. थोड्याच दिवसांत एक तरुण इंजिनियर आला आणि कठड्यावरून नुसतं न वाकता पँट दुमडून पाण्यात उतरला. आम्ही काठावर गर्दी केली.

तो खांबाकडे बघत चक्रावून गेला होता. "एवढा खांब खचला आणि पट्टीला तडा नाही? असं कसं होईल?"

तेव्हा आमच्याच गाडीनं कामावर जाणारा एक गवंडी पुढे झाला. "कसा राहीन तडा, साहेब?" तो आनंदानं म्हणाला. "दर पावसाळ्यात तडकते ते. मीच नवी लावून देतो न! उरलंसुरलं सिमेंट असते जवळ. तारीख बी तुमचीच कोरतो, खिळ्यानं. सरकारचं काम फुटलेलं दिसलं का चांगलं नाई वाटत."

इंजिनियर पाण्यात उभ्या उभ्या कपाळाला हात लावून राहिला. आम्ही हसत सुटलो. "अहो, मदत करायला दुसरं काही मिळालं नाही का तुम्हाला?" असं म्हणून मी गवंड्याला झापायला लागले, पण हसण्यात शब्दच फुटेनात. ड्रायव्हर हसला नाही. त्या पट्टीच्या भरवशावर इतकी वर्षं पुलावरून जाणारा माणूस तोच होता. त्यानं गवंड्याकडे खूप वेळ पाहिलं, मग खिशातली बिडी काढून त्याला दिली आणि स्वतःच काडी ओढून पेटवूनही दिली.

हिवाळ्यात काम लागलं ते उन्हाळाभर चाललं. खांबाभोवती सळयांचा पिंजरा बांधून नवं काँक्रीट ओतलं, मधली स्लॅब फोडून नवी टाकली, पिंपळ मुळासकट काढला. शेवटी गिट्टीनं भरलेले ट्रक पुलावर उभे करून ठेवले आणि पूल किती दबतो याची खालून मापं घेतली. ट्रक उभे होते तोवर आमच्या ड्रायव्हरनं पुलाकडे पाठ केली होती.

एवढ्या महिन्यांत म्हातारी गाडीनं येतच होती, पण अगदी शेवटच्या बाकावर, टोपली मांडीशी धरून. तो तिच्याशी बोलत नव्हता, तीही त्याच्याशी नाही. मला दोघांना एकत्र बसवून बोलायला लावावंसं वाटायचं. दर वेळी तोंड उघडायचे आणि मिटायचे. माझ्यासारखीला हे फार जड गेलं.

पूल खुला झाला त्या सकाळी गाडी गच्च भरली होती. काहींना बाजाराला जायचं नव्हतं, नुसतंच बसून पलीकडे जायचं होतं. पाटी काढून टाकलेली. तरी पुलाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर काही ओरडला नाही आणि कोणी जागचं हललं नाही. फक्त शेवटच्या बाकावरून म्हातारी उठली आणि टोपली घेऊन दाराकडे निघाली.

ड्रायव्हरनं वळून पाहिलं. "कुठी जाऊन राह्यली, माय?"

"उतरतो, बापू. तुले भेव लागते न मी बसली का."

त्यानं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"भेव तं आजई लागून राह्यलं," तो म्हणाला. "पण तू उतरू नको. इथी ये, माह्या मांगं बस."

त्याच्या मागच्या बाकावर त्या दिवशी मी बसले होते. मी उठले.