खलनायकाचे ‘आपण’

लिहिण्याचा अधिकार नसताना उतारवयात लिहितो आहे, क्षमा असावी. भांडुपच्या आमच्या चाळीत एकटे राहणारे सर कॉलेजात इंग्रजी शिकवत. जुन्या भयकादंबरीतला खलनायक कैदेतल्या मुलीला बोलण्याने कसा भुलवतो, हे सांगताना त्यांचा चहा गार होई. “तो हुकूम देतच नाही हो. ‘मी’ नाही, ‘तू’ नाही, ‘आपण’ म्हणतो. तिथेच ती फसते.”

परवा चाळीच्या सभेत बिल्डर म्हणाला, “आपण घरं रिकामी करू, मग आपण टॉवर बांधू.” लेखी हमी मात्र देईना. तरी संमतीसाठी पहिला हात सरांचाच वर गेला.

“सर, तो ‘आपण’ म्हणाला,” मी कुजबुजलो.

“ऐकलं ना. पण मला धरून कुणी ‘आपण’ म्हणून कित्येक वर्षं झाली हो.”

त्यांचे पाहून सारी चाळ हात वर करत गेली. आता आम्हाला सावध कोणी करायचे?