खाली पाडलेली कमान

तिल्कानं तेहेतीस वर्षं डोंगरातल्या घरोघर सरकारी नर्स म्हणून पायपीट केली. बाळंतिणी पाहिल्या, म्हाताऱ्यांच्या जखमा धुतल्या, दारुड्यांना दम भरला, आणि सात पुरुष ट्रॅक्टरखालून काढताना पाहिले. सातही ओळखीचे, सातही हाताचे पक्के. नवशिका सहसा असा मरत नाही. तो भीत भीत चालवतो. मरतो तो चाळीस वर्षं तोच उतार कापणारा.

त्या सातांपैकी पाच ट्रॅक्टरांना चालवणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी कमान होती. यंत्र उलटलं तर कमान जमिनीत रुतते आणि माणूस वाचतो, एवढ्याचसाठी ती असते. पाचही कमानी मागे दुमडून ठेवलेल्या होत्या. कुणाला झाडाच्या फांदीखालून जायचं होतं, कुणाला गोठ्याच्या दारातून. "परत उभी करणारच होतो," असं सांगायला पाचांतला एकही उरला नाही.

म्हणून तिचा नवरा ओझबोल्ट चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हणाला, "तिल्का, आता मला बसून कापायचंय," तेव्हा तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"उभ्यानं काय वाईट आहे?"

"गुडघ्यांना विचार."

गुडघ्यांचे फोटो राजधानीला, ल्युब्लियानाला, काढून आणले होते, ते दाराशीच लटकत होते. वाद घालायला जागा नव्हती. मागून चालायचं गवत कापायचं यंत्र त्यानं पन्नास वर्षं ढकललं होतं. आणि कापणं सोडून देणं हा पर्याय त्या डोंगरात नाही. ज्या घराच्या उतारावर जूनअखेर गवत उभं, ते घर संपलं, असं लोक म्हणतात. आधी ब्लॅकबेरीच्या जाळ्या येतात, मग बर्चची झाडं, मग जंगल थेट खिडकीशी. खालच्या वळणावरची दोन घरं अशीच गिळली गेली होती, ती रोज बसमधून दिसायची.

एप्रिलात दोघं खाली दरीतल्या यंत्रांच्या दुकानात गेले. दुकानदार रोक पोरसवदाच. जन्मला तेव्हा तिल्कानंच आठवडाभर त्याची नाळ पुसली होती, आणि ही गोष्ट ती त्याला विसरू देत नसे.

"या ग्रिवारकाका, या काकू," रोक म्हणाला. ग्रिवार हे त्यांच्या घराचं नाव. कागदावरचं आडनाव वेगळं होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

रोकनं तीन यंत्रं दाखवली. पहिलं मागून चालायचंच, पण हलकं आणि चाकांना काटे असलेलं. दुसरं रुंद, बुटकं, बेडकासारखं जमिनीला चिकटून बसणारं, खास उतारासाठी केलेलं. ते फक्त गवत कापतं, बाकी काही नाही. तिसरा छोटा ट्रॅक्टर. पोटाखाली गवत कापायचं पातं, पुढं सुपडं, हिवाळ्यात बर्फ ढकलायचं फाळकं, मागं लाकडाची गाडी, खताची गाडी. "घरातलं सगळं करतो काका," रोक म्हणाला, "फक्त स्वयंपाक तेवढा करत नाही."

ओझबोल्ट तिसऱ्यावर चढून बसला आणि त्याचं वय पंचवीस वर्षांनी उतरलं. तिल्काला ते दिसलं.

"बेडूक घे," ती म्हणाली.

"बेडूक बर्फ ओढेल? लाकडं आणेल? दहा महिने नुसता गोठ्यात बसून राहील."

"ट्रॅक्टर उंच आहे. कलंडतो."

"मीपण उंच आहे. कलंडलो का कधी?"

"लग्नात."

रोक हसला. तिल्का हसली नाही. तिनं पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि कमान जमिनीपासून मोजली. दोन मीटर बत्तीस सेंटिमीटर. घरून निघताना तिनं आणखी एक माप घेतलं होतं. ग्रिवारांच्या अंगणातून कुरणाकडे जायला एकच वाट, ती गवत वाळवायच्या जुन्या लाकडी मांडवाच्या पोटातून. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला उभा खडक. मांडवाची आडवी तुळई दोन मीटर अठरावर. पूर्वी तिच्याखालून बैलगाडी जाई, तेव्हा कुणाच्या डोक्यामागे कमान नव्हती.

"जाणार नाही," तिनं टेप गुंडाळत सांगितलं.

"त्यात काय काकू!" रोकनं दोन खिट्ट्या ओढल्या, कमान मागे झोपवली. "दुमडते. शेंबडं पोरही करेल. पलीकडे गेलात की परत उभी. खट्, खट्. झालं."

"आणि उभी कोण करणार?"

"मी," ओझबोल्ट वरूनच म्हणाला. "दुसरं कोण आहे इथं?"

हेच वाक्य सातांपैकी पाचांच्या बायकांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मी करेन. तिल्कानं मान डोलावली. पुढं तिला एकच खंत राहिली, की त्या दिवशी ती मोठ्यानं भांडली नाही. पण तो वर बसलेला होता, इतका सुखात.

सौदा झाला, रिवाजाप्रमाणे दारू पाजून झाली. पाजली नाही तर वस्तू लाभत नाही म्हणतात. मे महिन्यात चर्चसमोर यंत्रांना आशीर्वाद द्यायचा दिवस आला. एकतीस ट्रॅक्टर ओळीनं उभे, शिंगांना बांधावीत तशी प्रत्येकाच्या पुढच्या दिव्यांना फुलं. पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडत पुढं पुढं जात होते आणि तिल्का ओळीच्या कडेनं बोट हलवत चालली होती.

"काय मोजतेस, तिल्का?" त्यांनी विचारलं.

"तुमची पुढची कामं, फादर. एकोणीस आहेत."

एकतीसातल्या एकोणीस कमानी खाली होत्या. पाद्रीबाबांनी त्यांच्यावरही पाणी शिंपडलं. पाण्याला फरक कळत नाही.

पहिले दोन आठवडे ओझबोल्ट शहाण्यासारखा वागला. मांडवाशी थांबायचा, कण्हत उतरायचा, कमान झोपवायचा, चढायचा, पलीकडे जायचा, पुन्हा उतरायचा, उभी करायचा. स्वयंपाकघरात तिल्का कान देऊन असायची. खट्, खट्. मग भांड्यांकडे वळायची. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पलीकडून खट्, खट् ऐकूच आलं नाही. ती बाहेर धावली.

"अरे, कमान!"

"सपाटीवर कापतोय गं. सपाटीवर कुणी मरतं का?"

"गुडघे दुखतात म्हणून सांग ना सरळ."

"दुखतात. सांगितलं. आता जा आत."

तिनं रोज सकाळी त्याच्या आधी उठून कमान स्वतः उभी करायला सुरुवात केली. तो रोज झोपवायचा, कारण मांडवाखालून जायचंच होतं. या खेळात कोण थकणार हे तिला ठाऊक होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या उताराची वेळ आली. तीन दिवस उन्हाचे, चौथ्याला पाऊस, असं रेडिओ सांगत होता. ओझबोल्ट कुट्टूचा सांजा अर्धा टाकून उठला. इंजिन सुरू झालं, मांडवाखालून गेलं, आवाज लांब गेला. खट् नाही.

तिल्कानं गॅस बंद केला, चपला काढून बूट घातले. धावली नाही. धावून सत्तरीतलं माणूस चढावर पोचत नाही. बरोबर मापानं चालत गेली आणि उताराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. वर, तिच्या नेमकं डोक्यावर, तो आडव्या पट्ट्यानं गवत कापत होता. दव अजून वाळलं नव्हतं. ती मुद्दाम तिथंच उभी राहिली, जिथं यंत्र गडगडत आलं तर पहिलं तिच्यावर आलं असतं.

त्यानं पाहिलं. हात हलवून बाजूला हो म्हणाला. ती हलली नाही.

"वेडी झालीस का?" तो वरून ओरडला.

"कमान उभी कर, मग शहाणी होते!"

तो वळायला गेला. वरच्या बाजूचं चाक गवतावरून उचललं गेलं. फार नाही, वीतभर. खालचं चाक सरकलं आणि कापलेल्या ओल्या गवतावर सगळं यंत्र अर्धा मीटर तिच्या दिशेनं घसरलं. मग एका जुन्या मुळीला अडलं. चाक खाली आलं. इंजिन बंद पडलं. इतकं शांत झालं की दूर दरीतल्या करवतीच्या गिरणीचा आवाज ऐकू येऊ लागला.

मग त्यानं इंजिन परत सुरू केलं आणि यंत्राचं तोंड सरळ उताराखाली करून हळूहळू खाली आणलं. तिच्याजवळ येऊन थांबला. चेहरा चुन्यासारखा.

"गवत ओलं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्या दिवशी त्यानं पुन्हा कापलं नाही. तिला वाटलं, आता कळलं. एवढं पाहून माणसाला कळतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाहेर गेली तेव्हा यंत्र मांडवापलीकडे, उताराकडे तोंड करून तयार उभं होतं. कमान खालीच.

तिथंच तिचा माणसांच्या कळण्यावरचा विश्वास संपला.

ओझबोल्ट सकाळी पात्याला धार लावून आणायला दरीत गेला. तिल्कानं सुताराला, लेनार्टला, फोन केला.

"ती तुळई? काकू, ओझबोल्टच्या आजोबांची अक्षरं कोरलीयत तिच्यावर."

"वाचता येतात मला."

"अहो, तिनंच दोन्ही बाजू धरून ठेवल्यात. ती कापली तर खांब फाकतील आणि वरचा माळा मधे खाली येत जाईल. आज नाही, उद्या नाही, पण येईल. मी हात लावणार नाही."

"मग नको लावू."

तिनं पेट्रोलची करवत घेतली, शिडी लावली आणि तुळई दोन्ही टोकांना कापली. मधला तुकडा धपकन पडला, धुरळा उडाला. मग तिनं मोजलं. आता डोक्यावर माळ्याच्या फळ्या, दोन मीटर पंचेचाळीसवर. कमान उभी असली तरी वर सात बोटं जागा.

मग तिनं कमान उभी केली, खिट्ट्या बसवल्या, प्रत्येकीला कुलूप घातलं आणि किल्ल्या विहिरीत टाकल्या.

ओझबोल्ट दुपारी आला. तुकड्याजवळ वाकला. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"आजोबांनी कोरलं होतं हे."

"कोरता येत होतं त्यांना. ट्रॅक्टरचं माप येत नव्हतं."

अकरा दिवस तो गोठ्यातच जेवला. पण त्याच दुपारी, ऊन असेपर्यंत, वरचा उतार त्यानं कापला, कमान उभी ठेवून, कारण दुसरा इलाज नव्हता. त्या रात्री तिल्का नऊ वाजता झोपली ती उजाडेपर्यंत.

याला आता तीन वर्षं झाली. ओझबोल्ट सत्त्याहत्तरचा आहे, उतार दरवर्षी कापला जातो, लोक म्हणतात ग्रिवारांचं घर अजून उभं आहे. तुळईचा तुकडा शेगडीजवळ बाक म्हणून ठेवलाय, त्यावर तो बूट घालायला बसतो. लेनार्ट सुतार येता जाता मांडवाकडे पाहतो आणि मान हलवतो. मधे टेकू द्यायचा, तर वाटच बंद होते.

दर पहिल्या तारखेला तिल्का टेप घेऊन मांडवाखाली जाते. पहिल्या वर्षी सात बोटं होती. दुसऱ्या वर्षी पाच. या मे महिन्यात तिनं कमान आणि फळ्या यांच्यामधे बोटं आडवी धरून पाहिली. दोन बसली, तिसरं अडकलं.

ओझबोल्ट मागं उभा होता. त्यानंही पाहिलं.

"छपरावरच्या बर्फाचं ओझं गं," तो म्हणाला, आणि कुलपांकडे नजर टाकून, अगदी सहज, "लोखंड कापायची करवत कुठं ठेवलीस?"