बांगड्या कुणी फोडल्या

आमच्या नर्सिंगच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर एक नियम आहे. पेशंटच्या अंगावरून जे काही काढाल, ते कुणी काढलं आणि कशासाठी काढलं, हे पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याला आपण स्वतःच्या तोंडानं सांगायचं. कागदावर लिहून भागणार नाही. नव्या पोरी हे वाचतात आणि एकमेकींकडे बघतात. मागच्या बॅचमधली एक म्हणालीसुद्धा, "मॅडम, येवढ्याशा गोष्टीसाठी नियम?" मी तोंडाची फटकळ. एरवी तिला चांगली सुनावली असती. त्या दिवशी नुसती "हो" म्हणाले आणि पान उलटलं.

हा अभ्यासक्रम तयार करायला आम्हा सात-आठ जणींना अमरावतीला बोलावलं होतं. मी अकोल्याहून जायची, सकाळच्या एसटीनं. 'सांस्कृतिकदृष्ट्या सक्षम शुश्रूषा' असं त्याचं भारदस्त नाव. ते ऐकून पहिल्याच दिवशी आपाला हसू फुटलं. आपा म्हणजे आमच्याच दवाखान्यातली सिस्टर, माझ्याहून सिनियर, अकोल्याच्या एका मण्याराची मुलगी. तिच्या अब्बांनी जन्मभर खेड्यापाड्यांतल्या बायांच्या हातांत बांगड्या भरल्या. ती म्हणाली, "येवढं मोठं नाव घ्याले दम लागते वो. आपन याले मानूसपन म्हनत होतो." पुण्याहून आलेल्या मॅडमना ते आवडलं नाही. त्या आम्हाला फळ्यावर चौकटी काढून दाखवायच्या आणि आम्ही उंटावरून शेळ्या कशा हाकतात ते बघत बसायचो.

तरी काम झालं. खोटं कशाला बोलू, चांगलं झालं. मुसलमान पेशंटबद्दलचा धडा आपानं लिहिला. सेमाडोहला नऊ वर्षं काढलेल्या एका सिस्टरनं मेळघाटातल्या बायांबद्दल लिहिलं. मी सगळं एकत्र करून शुद्ध करत होते. शेवटच्या दिवशी आपानं कागद चाळले आणि मला विचारलं, "अन् तुह्या कास्तकारायचा धडा कोन लिव्हन?"

"आमचा कायले? आमचं शेतकऱ्यायचं तं सगळ्यायले मालूमच हाय."

"हे पाय," ती म्हणाली, "दिव्याखाली अंधार."

ती गमतीनंच बोलली. पण माझा हात थांबला. कारण मला एक बाई आठवली होती, आणि ती आठवू नये म्हणून मी किती वर्षं धडपडत होते ते माझं मलाच ठाऊक. परतीच्या एसटीत, बडनेरा मागे पडल्यावर, मी आपाला सगळं सांगितलं. त्याआधी कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

तो फवारणीचा हंगाम होता. त्या वर्षांत शेतीचं सगळंच बिनसलेलं, आणि आमचे वॉर्ड त्याची साक्ष द्यायचे. विषाचा पेशंट आला की पोलीस पहिला प्रश्न विचारायचा, "पेलं का लागलं?" स्वतःहून प्यायला की फवारताना अंगाला लागलं, एवढंच त्याला हवं असायचं. या जोडप्याला लागलं होतं. दर्यापूरकडचं जोडपं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेलेली, नवरा पाठीवर पंप घेऊन फवारत होता आणि ही ड्रममध्ये औषध कालवून त्याला भरून देत होती. दोघंही बांधावर कोसळले. त्याला जिन्यानं वर पुरुषांच्या वॉर्डात नेलं, तिला खाली माझ्याकडे आणलं. बरोबर एक म्हातारी होती, त्याची आई. ती खालीवर करत होती बिचारी.

बाईच्या तोंडाला फेस होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. अशा पेशंटचे कपडे काढून साबणानं डोक्यापासून पायापर्यंत धुवायचं असतं, तसं आम्ही धुतलं. धुताना तिचं कुंकू गेलं. गळ्यातलं मंगळसूत्र काढून मी म्हातारीच्या हातात दिलं, "दवाखान्याचा नियम हाय, जपून ठेवा," म्हणाले. तिनं ते पदराच्या गाठीत बांधलं आणि ती वर मुलाकडे गेली. मग मी पडदा ओढून शीर शोधत होते, तेवढ्यात बाईला झटके यायला लागले. दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या काचेच्या बांगड्या, घट्ट बसलेल्या. काच मनगटात शिरली असती. मी वरून गॉज गुंडाळलं आणि दाबून सगळ्या फोडल्या. आयाबाई तुकड्यांचा ट्रे घेऊन गेली. सलाईन लागलं, इंजेक्शन गेलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्यात काही चुकलं नाही. आजही माझ्यासमोर तसा पेशंट आला तर मी हेच करीन, आणि याच क्रमानं करीन.

पण मी काही आभाळातून पडलेली नव्हते. दर्यापूर तालुक्यातलीच मी, कास्तकाराचीच पोरगी. आमच्या घरी बांगडी फुटली तर 'फुटली' असं म्हणायची सोय नव्हती. 'वाढली' म्हणायचं, आणि चुकून दुसरं तोंडातून गेलं की आई पाठीत धपाटा घालायची. कपाळ पुसणं, गळा उघडा करणं आणि बांगड्या फोडणं ही तीन कामं एका बाईच्या अंगावर एकाच दिवशी कधी होतात, ते मला बाराखडीच्या आधीपासून माहीत. ती तीनही मी केली होती. ड्युटीवर आमचे स्वतःचेच हात मोकळे असतात ना. बघून बघून मोकळ्या हातांचा अर्थच दिसेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर आली. तोंड कोरडं, जीभ उचलत नाही. तिनं हात वर केले, पाहिले. गळ्याला हात लावला, मग कपाळाला. आणि भिंतीकडे तोंड करून वळली. मी तिचं बीपी घेत होते. मला वाटलं, अशक्तपणा आहे. शेजारच्या खाटेवरची बाई तिला म्हणाली, "रडू नको माय, ज्याचं त्याचं नशीब." तेही मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मला वाटलं, दुखण्याबद्दल बोलतेय.

थोड्या वेळानं म्हातारी खाली आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. सून भिंतीकडे तोंड करून बारीक सुरात रडत होती, हात चादरीवर पसरलेले, उघडे. म्हातारीनं ते पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि एक शब्द न बोलता आल्या पावली परत गेली. पुन्हा ती खाली फिरकली नाही. मी वर तोंड करून आयाबाईला म्हणाले, "कशी सासू हाय पाय. सुनीकडे ढुंकून पायत नाई."

दुपारी वरच्या वॉर्डातून निरोप आला. तिचा मालक शुद्धीवर आहे, बायकोला पाहू द्या म्हणून सारखा मागे लागलाय. मी बाईकडे पाहिलं. ती जेवली नव्हती, पाणीही धड घेत नव्हती. म्हटलं, जरा ताकद येऊ दे, उद्या नेऊ. तिला हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. इंजेक्शनच्या वेळा, नवे पेशंट, माझी आपली धावपळ. आणि उद्या काय, असतोच.

तो तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. असं होतं या विषात. माणूस बोलता-चालता होतो आणि अचानक श्वास सोडतो. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी स्टूल ओढून बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आता कसं बोलावं ते जुळवत होते. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मले मालूम हाय. कालच मालूम झालं."

"कोनं सांगतलं?"

तिनं चादरीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि माझ्यासमोर धरले.

 सगळं एका क्षणात कळलं. मी तेव्हा म्हणू शकले असते की बाई, बांगड्या मी फोडल्या, तुझा माणूस आज सकाळपर्यंत होता, काल तुला बोलावत होता. नाही म्हणाले. गेलं ते गंगेला मिळालं, आता सांगून तिच्या जिवाला आणखी घोर कशाला, अशी मनाची समजूत घातली. ती समजूत खोटी होती. मी भ्याले होते. तक्रार होईल, मेट्रन बोलतील, वॉर्डातल्या बाया माझ्याकडे बघतील. दुसरं काही नाही, नुसती भ्याले. चार दिवसांनी तिला सुट्टी झाली तेव्हा मी मुद्दाम रजा टाकली.

हे सगळं आपानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अब्बा सांगत, बांगडी भरनाऱ्याचा हाथ आन् काढनाऱ्याचा हाथ, बाईले दोन्ही याद रायतात." मी रडत होते. तिनं माझी पाठ थोपटली नाही. आपा तशी नाही. ती म्हणाली, "हे लिव्ह. पन 'एका परिचारिकेनं' असं लिव्हू नको. 'मी' लिव्ह. अन् पयले जाऊन तिले सांग."

तो मे महिना होता. लिहून मी लगेच दिलं. पुण्याच्या मॅडमनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच मला काही दुरुस्ती सांगितली नाही. पण जायचं काही होईना. आज जाते, उद्या जाते. आधी ऊन होतं, मग पेरणीचे दिवस, मग माझ्या मुलीचं कॉलेज. निघायला माणसाला कारण एकच लागतं, न निघायला शंभर सापडतात. आपा भेटली की विचारायची, "गेली का वो?" मी मान खाली घालायची. शेवटी शेवटी तिनं विचारणं सोडलं, आणि तेच मला जास्त लागलं.

दिवाळी झाल्यावर गेले. दर्यापूरला उतरून जीपनं गावापर्यंत. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईनं घर दाखवलं आणि ती निघून गेली. बाई ओट्यावर बसून कापसातला कचरा वेचत होती. केस पांढरे झालेले. हात तसेच, मोकळे. साडीत मला तिनं ओळखलं नाही. "या, बसा," म्हणून पाणी आणून दिलं. आत एका रिकाम्या खाटेवर गोधडी घडी करून ठेवलेली, आणि वर भिंतीवर म्हातारीचा फोटो, हार वाळलेला.

"बुढी कवा गेली?" मी विचारलं.

"पोया झाला, अन् आठ दिवसानं."

पोळ्यानंतर, म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी. मी तांब्या खाली ठेवला. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. मी सांगितलं. दवाखान्यातली सिस्टर मी, तुमच्या बांगड्या मी फोडल्या, झटके येत होते म्हणून. तुमचे मालक तवा जिते होते. तुमाले बलावत होते. मी तुमाले सांगतलं नाई.

तिचे हात कापसात तसेच राहिले.

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी फोडल्या?"

"हो."

"मले वाटलं, बुढीनं." ती फोटोकडे बघत बोलत होती. "मी बेसुद पडली असतानी तिनंच फोडल्या, असं धरून बसली मी. पोरगा जिता असतानी सुनीले रांडमुंड करून ठेवलं. अन् बुढी तवा येकडाव म्हने, तूच फोडल्या. जित्या मानसाचं रडली, म्हनून माहा पोरगा गेला. येवढी वर्षं एका चुलीवर जेवलो वो बाई. एकमेकीसंग बोललो नाई."

 

मग तिनं विचारलं, "तवा मले चालता येत होतं का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. देवाशप्पथ, फार वाटलं. "धरून नेलं असतं तं येत होतं," मी म्हणाले. "एकच जिना होता."

तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून आत गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि चुलीपुढे बसूनच बोलायला लागली, मला की त्या खाटेला, कोण जाणे.

"शेवटी तिची वाचा गेली होती. हागनंमुतनं मीच करो, पानी मीच पाजो. पन मी तिच्यासंग बोलली नाई. मरायच्या दिवशी तिनं माहा हात धरला, अन् मनगटावरून बोटं फिरवत रायली. फिरवतच रायली. मले वाटलं, अजूनई बांगड्यायचंच काढून रायली, तूच फोडल्या म्हनून. मी हात वढून घेतला."