ट्रॅक्टर घ्यावा की लोडर?

मित्रांनो, आज सकाळी शहाडला मामेभावाकडे गेलेलो. घरामागच्या भातशेतीसाठी ट्रॅक्टर घ्यायचा की छोटा लोडर, यावरून बापलेकांत जुंपलेली.

पुतण्या म्हणाला, "काका, ट्रॅक्टर चिखलणीपुरता. लोडर शेणखत उचलेल, माती ओढेल, एरवी साइटवर भाड्याने जाईल."

मी भाषणाच्या तयारीत, तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "लोडर बांधावरून चढेल का रे?"

"बांध सपाट करू ना, आई."

भाऊ मागच्या दारातून बांधाकडे बघू लागला. बांध गेला की पाणी थांबत नाही, पाणी नाही तर भात नाही, आणि भात नसलेल्या शेताला आपल्याकडे प्लॉट म्हणतात.

"ट्रॅक्टरच घेतो," भाऊ शेवटी म्हणाला. "चालवशील?"

पुतण्याने अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्या घरात कोण देईल?